फुफी काय म्हणून राहिली

माझ्या पक्षकारांमध्ये फुफी ही एकटीच अशी होती जिचा कुणाशी काही तंटा नव्हता. ना जमिनीचा, ना नवऱ्याशी, ना शेजाऱ्याशी. ती आधी दर वर्षी आणि पुढे दर दोन वर्षांनी पांढुर्ण्याहून बसनं मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरला यायची, कोर्टाच्या आवारात माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसायची आणि पिशवीतून एक हिरवं पुस्तक काढून माझ्यापुढं ठेवायची. ते पुस्तक म्हणजे पाकिस्तानचा पासपोर्ट. "पाह्य बाई, यंदाचा अर्ज भरून टाक," असं ती म्हणायची, जणू रेशनकार्डावर नाव चढवायला आली आहे.

फुफी म्हणजे आत्या. सगळा मोहल्ला तिला फुफी म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. जन्म पांढुर्ण्याचाच. वडील पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायचे. आई जवळच्या खेड्यातली, त्यामुळं घरात बोली आमचीच. मुलींच्या मराठी शाळेत ती चौथीपर्यंत शिकली. विसाव्या वर्षी तिचं लग्न मामाच्या मुलाशी झालं. हा मामा फाळणीनंतर कराचीला गेलेला. दोन देशांमधली आगगाडी तेव्हा नुकतीच पुन्हा सुरू झाली होती आणि घरच्यांना वाटलं, आता जाणं-येणं चालूच राहील. तिथं गेल्यावर तिला तिथला पासपोर्ट मिळाला. सात वर्षं ती नांदली. मूल झालं नाही. नवरा कावीळ होऊन गेला. इकडं आई अंथरुणाला खिळली, म्हणून तीन महिन्यांच्या व्हिशावर ती आईला पाहायला आली. आई पुढं चार वर्षं जगली. फुफी परत गेली नाही. व्हिसा वाढवून घेत घेत तिची इथं चाळीस वर्षं झाली.

आता मी माझं सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं.

ती पहिल्यांदा माझ्याकडं आली तेव्हा मला सनद मिळून दोन वर्षंही झाली नव्हती. आमच्या घरात मी पहिली वकील. आजोबा दुसऱ्यांच्या कपाशीत राबलेले, वडील नगरपालिकेत कामाला. मोठ्या वकिलांकडं जाणारे लोक माझ्याकडं येत नसत. फुफी आली, कारण बाई वकील आहे असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी कायदा उघडून पाहिला. मूळची इथली आणि इतकी वर्षं इथं राहिलेली बाई नागरिकत्वासाठी अर्ज करू शकत होती. फक्त पासपोर्ट चालू हवा होता, आणि तिच्या पासपोर्टाची दोन वर्षं शिल्लक होती. पण त्यासाठी छिंदवाड्याच्या खेपा होत्या, शपथपत्रं होती, वर्तमानपत्रात जाहिरात होती. मुदतवाढीचा अर्ज मात्र एका बैठकीत होत होता.

मी म्हटलं, "फुफी, तुमचं नागरिकत्वाचं करून टाकू. यंदा नुसती मुदत वाढवून घेऊ, पुढच्या वर्षी निवांत बसू."

"तू म्हनशीन तसं," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी मी पुन्हा हेच म्हटलं. त्याच्या पुढच्या वर्षी पासपोर्ट संपला. नवा काढायचा तर दिल्लीला त्यांच्या वकिलातीत जायला हवं होतं. मी म्हटलं, बघू. मुदत तरीही वाढत गेली. त्या काळी ओळखीपाळखीनं, पडताळणीला आलेल्या हवालदाराच्या चांगल्या शेऱ्यानं ती वाढायची. मी विसरले असते तर एक वेळ ठीक होतं. मी विसरले नव्हते. दर वेळी ते हिरवं पुस्तक पुढं आलं की मला आठवायचं, आणि दर वेळी मी सोपा अर्ज हातात घ्यायची.

मग ते वर्ष आलं. सीमेवर ताण वाढला आणि सरकारनं त्या देशाच्या लोकांचे व्हिसे रद्द केले. जुन्या, लांब मुदतीच्या व्हिशावर राहणाऱ्यांना त्यातून वगळलं होतं. पण फुफीची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती. नवा अर्ज आता ऑनलाइन भरावा लागत होता आणि त्यात चालू पासपोर्टाचा नंबर टाकल्याशिवाय गाडी पुढं जात नव्हती. मी अर्ज केला होता, तो तसाच पडून होता. त्या दिवशी कागदावर फुफीकडं काहीही नव्हतं.

दुपारी बारा वाजता तिचा भाचा वकिलांच्या खोलीत आला. पंचेचाळिशीचा माणूस, आजोबांचं गाद्यांचं दुकान तोच चालवायचा. त्याच्या हातात नोटीस होती. बहात्तर तासांत देश सोडायचा.

"मॅडम, हे खरं हाये का?" त्यानं विचारलं.

मी नोटीस दोनदा वाचली. खरी होती.

संध्याकाळी मी पांढुर्ण्याला तिच्या घरी गेले. फुफी ओसरीवर बसून गादीला टाके घालत होती. हातात लांब सुई, मांडीखाली निळ्या पट्ट्यांची खोळ. एका लग्नघराची गादी होती, परवा द्यायची होती. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "बस. एवढी ओळ होऊ दे."

ओळ झाली. मग तिनं विचारलं, "काऊन पाठवून राहिले मले? मी काय केलं?"

"काही नाही केलं तुम्ही."

"मंग?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं आणि मी ते दिलं नाही. मी वकीलपत्र पुढं केलं आणि म्हटलं, "इथं सही करा. मी जबलपूरला हायकोर्टात जाते. थांबवते."

तिनं सही केली. मराठी शाळेतली बाळबोध सही, एकेक अक्षर सुटं. मग सुई पुन्हा हातात घेतली. "कराचीत गादी कोन भरते वं? तिथं थंडीच नाई पडत," असं ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. दारात एक महिला शिपाई बसवली होती. तिच्याही लग्नातली गादी फुफीनंच भरलेली. ती सारखी रुमालानं तोंड पुसत होती आणि आमच्याकडं पाहायचं टाळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुफीच्या शाळेत गेले. मुख्याध्यापिकेनं कपाटातली दाखल-खारीजची, म्हणजे प्रवेशाची जुनी रजिस्टरं काढून दिली. आम्ही दोघी फरशीवर बसून पानं उलटत होतो. तासाभरानं तिचं नाव सापडलं. जन्मस्थान पांढुर्णा. वडिलांचा धंदा पिंजारी. शाळा सोडण्याचं कारण, घरकाम. मुख्याध्यापिकेनं माझा हात दाबला. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच जबलपूरच्या ज्येष्ठ वकिलांना फोन लावला. हायकोर्टातली माझी कामं तेच चालवतात.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, ती इथं जन्मली यावर कोण भांडतंय? ती नंतर तिकडची झाली. पासपोर्ट तिचा आहे. मला एवढंच सांगा, इतकी वर्षं ती अर्ज करायला पात्र होती. मग केला का नाही? हा प्रश्न न्यायाधीश पहिला विचारतील."

मी म्हटलं, "बाई फार शिकलेली नाही."

हे वाक्य मी बोलले. शाळेच्या व्हरांड्यात, त्या उघड्या रजिस्टरावर हात ठेवून.

मी त्याच दुपारी जबलपूरला निघाले. तिसऱ्या दिवशी याचिका दाखल झाली, तातडीची म्हणून चौथ्या दिवशी दुपारी सुनावणीला लागली. इकडं पोलिसांनाही मुदत पाळायची होती. तिसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी तिला पांढुर्ण्याच्या स्टेशनवरून गाडीत बसवलं. सोबत दोन शिपाई, त्यांत तीच गादीवाली. भाच्यानं मला फोनवर सांगितलं, "मॅडम, फुफीनं रात्रीच टाके पुरे केले. गादी लग्नघरी पोचवली अन् मंगच निघाली." पुढचं तिगाव स्टेशन जाईपर्यंत ती खिडकीच्या गजांना धरून बाहेर पाहत होती, मग तिनं डोळे मिटले, असं त्या शिपाईण पोरीनं नंतर मला सांगितलं. अमृतसरपर्यंत ती काही बोलली नाही. फक्त इटारसीला चहा मागितला.

चौथ्या दिवशी सव्वातीन वाजता कोर्टानं आदेश दिला की पुढच्या तारखेपर्यंत बाईला पाठवू नये. मी कोर्टाच्या बाहेर येऊन पांढुर्ण्याच्या पोलीस अधिकाऱ्यांना फोन केला. त्यांचा आवाज हळू झाला. "मॅडम, त्या अकरा वाजताच पलीकडे गेल्या. आताच पावती आली."

पावती हा त्यांचा शब्द. मी तो अजून ऐकते.

त्यानंतर महिना-सव्वा महिना काही कळलं नाही. मग समजलं, तिच्या नवऱ्याच्या पुतण्यानं तिला घरी नेलं होतं. त्यानं तिला लहानपणी पाहिलेलं, ओळख तेवढीच. त्याचं घर दोन खोल्यांचं. फुफी घरातून दोनदा निघून गेली, रस्ता चुकली. शेवटी त्यानं तिला म्हाताऱ्या बायकांच्या एका धर्मादाय आश्रमात ठेवलं. तिथल्या सांभाळणारीनं भाच्याला फोन केला. पण त्या देशातून फोन आला की चौकशीला लोक यायचे, कोणाशी बोलता, काय बोलता. दोन पोरींचा बाप तो. एक दिवस माझ्याकडं आला, मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, तुमचा नंबर देऊ का तिले? तुम्ही वकील हाये. तुमाले कोनी काई म्हननार नाई."

मी म्हटलं, द्या.

पहिला फोन कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत आला. पलीकडून त्या सांभाळणारीचा तरणा आवाज, मऊ आणि थकलेला; ती मला बाजी, म्हणजे ताई, म्हणाली. "बाजी, आप वकील हैं ना? ये अम्मा अब उर्दू में बात ही नहीं करतीं. हमें कुछ समझ नहीं आता. सुनिए, ये क्या कह रही हैं?"

आणि मग फोनमधून फुफीचा आवाज आला. "पडदा लाव वं. ऊन येऊन राहिलं डोळ्यावर."

मला क्षणभर वाटलं ती समोरच्या बाकावर बसली आहे. मी म्हटलं, "कह रही हैं, परदा लगा दो, धूप आ रही है." पलीकडं कड्या सरकल्याचा आवाज झाला. "हां, चुप हो गईं," ती सांभाळणारी म्हणाली आणि हसली. तीही सुटल्यासारखी वाटली.

डॉक्टरांनी सांभाळणारीला सांगितलं होतं की म्हातारपणात असं होतं, मागून शिकलेलं आधी पुसतं. फुफीचं उर्दू पुसलं होतं. आईची बोली तेवढी उरली होती आणि त्या सगळ्या शहरात ती समजणारं कोणी या बाईंच्या ओळखीचं नव्हतं. मग फोन येऊ लागले. आठवड्यातून दोनदा, कधी रोज. पाठ खाजवून द्या. भातात मीठ नाही. शेजारच्या खाटेवरची बाई माझी चादर ओढते. मी सांगायची आणि पलीकडं ते व्हायचं. माझं निम्मं वकिलीचं काम हेच आहे, पक्षकार वऱ्हाडीत सांगतात आणि मी हिंदीत लिहिते. इतकं उपयोगी भाषांतर मी कधी केलं नव्हतं. याचिकेच्या तारखा पडत होत्या, त्यांतून काही निघत नव्हतं, पण फुफीला उशी मिळाली, नखं कापून मिळाली.

एका दुपारी तिनं विचारलं, "घरी कवा नेशीन? आई वाट पाहून राहिली. घरी, घरी ने मले."

सांभाळणारी म्हणाली, "बाजी?"

माझ्यापुढं दुपारच्या केसची फाईल उघडी होती. पट्टेवाला पुकारा करत होता. मी म्हटलं, "पानी मांग रही हैं."

पलीकडं पेला वाजला. फुफी पाणी प्याली, मला तिचे घोट ऐकू आले. मी फोन ठेवला आणि पुकारा झालेल्या केसमध्ये उभी राहिले. माझ्या पक्षकाराच्या बाजूनं त्या दिवशी निकाल लागला.

त्या दिवसापासून मला तिचा आवाज फोनाशिवाय ऐकू येऊ लागला. एका शनिवारी जामसांवलीच्या फाट्यावर बस थांबली होती, मारुतीला आलेल्या माणसांची ही गर्दी. खिडकीबाहेरून कुणी म्हातारी म्हणाली, "पानी कुठी भेटन वं?" मी उठून खाली उतरले. कोणी दुसरीच बाई होती, कपाळाला शेंदूर, हातात नारळ. मी तिला माझी बाटली दिली आणि बस निघून गेली तरी तिथंच उभी राहिले. बाकावर कोणी म्हातारी पक्षकार येऊन बसली की मी लगेच मान वर करायची नाही. आधी थोडा वेळ जाऊ द्यायची.

एकदा मी धीर केला. सांभाळणारीला म्हटलं, फोन त्यांच्या कानाशी धरा, मला बोलायचं आहे. आणि फुफीला सगळं सांगितलं. नागरिकत्वाचा अर्ज, दोन वर्षं शिल्लक असलेला पासपोर्ट, माझं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. मी म्हटलं, "फुफी, माझी चूक आहे. तुम्ही विचारलं होतं ना, मी काय केलं? तुम्ही काही नाही केलं. मीच नाही केलं."

मग ती म्हणाली, "कापूस ओला हाये. आज नोको पिंजू. गाठी पडतीन."

एवढंच. ती रागावली असती तरी मला बरं वाटलं असतं.

पावसाळा गेला. मग फोन कमी झाले. पंधरा दिवस एकही आला नाही, तेव्हा मीच लावला. सांभाळणारी खुशीत होती. म्हणाली, "बाजी, अब आपको तकलीफ़ नहीं देती. मैं सीख गई हूं. परदा लाव, मीठ, चादर, सब समझती हूं." ती वऱ्हाडी शब्द तिच्या सुरात म्हणत होती, मला हसू आलं. मग तिनं सांगितलं, "और दिन भर घरी-घरी कहती हैं, तो मैं पानी दे देती हूं. जितनी बार कहें उतनी बार. कभी-कभी मना करती हैं, हाथ झटक देती हैं, पर मैं पिला देती हूं. घरी मतलब पानी, है ना?"

मी सौंसरच्या कोर्टाच्या पायरीवर खाली बसले. ती "बाजी, बाजी" करत राहिली.

"नहीं," मी शेवटी म्हटलं. "घरी मतलब घर. वो घर जाने को कह रही हैं. मैंने उस दिन झूठ कहा था."

मग ती अगदी हळू म्हणाली, "या अल्लाह. मैं रोज़ पानी पिलाती रही." तिनं मला दोष दिला नाही. थोड्या वेळानं विचारलं, "तो अब जब घरी कहें, मैं क्या कहूं?"

उद्या जाऊ, असं सांगायला तिला शिकवणं सोपं होतं. तो शब्द माझ्या ओठांवर आलाही होता. मी तो गिळला. खूप विचार करून मी तिला एक वाक्य दिलं, "मी हाओ न इथं." म्हणजे मी आहे ना इथं. निदान ते खरं होतं. तिनं ते माझ्याकडून पाच-सहा वेळा म्हणून घेतलं.

त्याच आठवड्यात मी शपथपत्र लिहिलं. फुफीनं नागरिकत्वाचा अर्ज केला नाही तो तिच्या हलगर्जीनं नव्हे, तर तिच्या वकिलाच्या, म्हणजे माझ्या. पहिल्या वर्षी तिचा पासपोर्ट चालू होता, मला कायदा माहीत होता, मी टाळलं. ज्येष्ठ वकिलांनी ते वाचून चष्मा काढला. "हे दाखल केलं तर तुमच्या सनदेवर येऊ शकतं. आणि तिला याचा उपयोग होईलच असंही नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

दाखल केलं. न्यायाधीशांनी ते शांतपणे वाचलं आणि मला एकच प्रश्न विचारला, बाई अजून हयात आहेत का. मी हो म्हटलं. आदेश असा झाला की व्हिसे पुन्हा सुरू होतील तेव्हा तिचा परत येण्याचा अर्ज सहानुभूतीनं आणि लवकर पाहावा, पासपोर्ट संपल्याच्या कारणावरून तो नाकारू नये. माझ्या सनदेवर अजून काही आलेलं नाही. व्हिसे अजून सुरू झालेले नाहीत. आदेशाची प्रत भाच्यानं दुकानात, गल्ल्यावरच्या काचेखाली ठेवली आहे.

सांभाळणारी आता शुक्रवारी नमाजानंतर फोन करते. भाषांतरासाठी नाही, नुसती खुशाली सांगायला. फुफी आता फार बोलत नाही. जेवते, झोपते. घरी म्हणणं कमी झालं आहे. ते बरं आहे की वाईट, मला कळत नाही, आणि सांभाळणारीला विचारायचं धाडस होत नाही. मागच्या शुक्रवारी तिनं सांगितलं की आश्रमातली एक उशी उसवली होती. फुफीनं ती मांडीवर ओढून घेतली, आतला कापूस बाहेर काढला आणि बोटांनी मोकळा करत दुपारभर बसून राहिली. कुणी काढून घ्यायला गेलं की ओरडायची. खोलीभर कापूस झाला होता.

"मैंने लेने नहीं दिया किसी को," ती म्हणाली.